उघड्या धातूचे गंजरोधन (जुनी वाहने)

जुन्या मोटारी, स्कूटर व जीप यांचे मूळ रूपात पुनरुज्जीवन करताना रंग, गंज आणि पूर्वीचे लेप काढल्यामुळे उघडे पडलेले लोखंडी व पोलादी भाग पुन्हा गंजू नयेत यासाठी जे उपाय योजले जातात, त्यांना उघड्या धातूचे गंजरोधन म्हणतात. यात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे साफसफाई आणि रंगकाम यांच्या मधल्या काळात धातूला दिलेले तात्पुरते संरक्षण. दुसरी म्हणजे ब्रेकचे ड्रम, सिलिंडरच्या भिंती, स्प्रिंगा, नट-बोल्ट यांसारख्या, मुळातच रंग न दिलेल्या भागांची कायमची निगा. पुनरुज्जीवनाच्या कामात लक्ष बहुधा रंगाच्या चकाकीकडे असते. प्रत्यक्षात रंगाखालचे काम किती टिकणार हे पत्रा उघडा असतानाच्या काही तासांत ठरते.

प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि मराठवाड्याचे हवामान विशेषत्वाने विचारात घेतले आहे. हा प्रदेश कोरडा असल्याने येथे गंजाची भीती नाही, हा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

गंज धरण्याची प्रक्रिया

लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी ही दोन्ही लागतात. पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर जमला, की त्याच धातूच्या काही बिंदूंचे धनाग्र व काही बिंदूंचे ऋणाग्र बनून असंख्य सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. धनाग्राशी लोह विरघळते, ऋणाग्राशी ऑक्सिजन वापरला जातो आणि मधल्या पाण्यात जलयुक्त लोह ऑक्साइड, म्हणजे तांबूस गंज साचतो. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर घट्ट बसतो व खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो. त्यामुळे एकमेकांवर स्पॉट वेल्डिंगने जोडलेले दोन पत्रे आतल्या गंजाच्या दाबानेच फुगून सुटू लागतात.

हवेत किती ओलावा असला म्हणजे गंज वेगाने धरतो, याचा पद्धतशीर अभ्यास १९३०च्या दशकात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी केला. सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारच मंद गतीने गंजते. ती मर्यादा ओलांडली आणि हवेत गंधकाचा धूर किंवा पृष्ठभागावर क्षार असले, की वेग एकदम वाढतो. क्षारांमुळे ही मर्यादाही खाली येते, कारण ते हवेतील पाणी स्वतःकडे ओढून घेतात. बोटांचा घाम हा या दृष्टीने मिठाचे पाणीच होय. नुकत्याच घासलेल्या पत्र्यावर उघड्या हाताचा ठसा उमटला, तर दुसऱ्या दिवशी बोटांच्या रेषांसह तो गंजाच्या रंगात दिसतो.

दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखविल्याप्रमाणे त्या लोखंडातील अधिक फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला आहे. मोटारीच्या पत्र्यात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण तो धातूला ठिसूळ करतो. ‘पूर्वीचे लोखंड गंजत नसे’ हा युक्तिवाद त्यामुळे १९६० किंवा १९७०च्या दशकातील वाहनांना लागू पडत नाही.

मराठवाड्याचे हवामान

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आणि अरबी समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत आहे. वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या एक-तृतीयांशाच्या आसपास पडतो. समुद्रावरून येणारे क्लोराइड किनाऱ्यापासून काही किलोमीटरांतच बरेच कमी होत असल्याने कोकणातील वाहनांना पोखरणारा खारा वारा येथे नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि घासलेला पत्रा कित्येक दिवस उघडा राहिला तरी चमकत राहतो.

फसगत होते ती येथेच. जुलै ते सप्टेंबर या काळात सकाळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि उन्हाळ्यात आठवडाभर टिकलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असते. पत्र्याच्या शेडमधील धातू भोवतालच्या हवेहून थंड पडतो आणि पहाटे त्यावर दव धरते. हवा कोरडी वाटत असतानाही ओला होतो तो धातूच. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये लावलेला वाळ्याचा किंवा गवताच्या पट्ट्यांचा कूलर हे आणखी एक दुर्लक्षित कारण आहे. तो पाण्याची वाफ हवेत सोडूनच गारवा देतो. त्याच्या झोतात ठेवलेला उघडा भाग ऐन मे महिन्यातही गंजतो.

दुसरी स्थानिक अडचण पाण्याची आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी बहुतांश ठिकाणी जड असते व त्यात क्लोराइडही असू शकतात. आम्लात साफ केलेला भाग अशा पाण्याने धुऊन उन्हात वाळविला, की पाणी उडून जाते आणि क्षार धातूवर राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यावर प्रायमर मारला तर पुढील पावसाळ्यात रंगाला बारीक फोड येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. यावरचा उपाय स्वस्त आहे: शेवटचे धुणे बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्याने करावे आणि भाग लगेच गरम हवेने वाळवावा.

गंज काढण्याच्या पद्धती

हाताने किंवा तारेच्या ब्रशाने घासणे ही सर्वांत जुनी पद्धत आहे. पण ती खड्ड्यांच्या तळाचा गंज काढत नाही, उलट त्यावर धातू घासून चकाकी आणते. सँडब्लास्टिंगने खड्डे साफ होतात व रंग धरण्यास योग्य असा खरखरीतपणा येतो. मात्र वाहनाच्या बाहेरचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो. जोराचा झोत एका जागी राहिला तर तो ताणला जाऊन लाटांसारखा वाकतो. अशा वाकलेल्या बॉनेटवर मग पुट्टीचे थर चढतात, आणि मूळ पत्रा वाचविण्यासाठी केलेल्या कामाचा हेतूच हरवतो. झोतासाठी नदीची वाळू वापरणे घातक आहे. वाळूतील सिलिकाच्या धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होतो. ब्रिटनमध्ये या कारणासाठी वाळूच्या वापरावर १९५०पासून बंदी आहे. गार्नेट, काचेचे मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड हे पर्याय आहेत, तरी श्वसनयंत्र त्यांच्याबरोबरही लागतेच.

छोट्या भागांसाठी रासायनिक पद्धती सोयीच्या असतात. सायट्रिक आम्लाचे (किराणा दुकानातील लिंबूसत्त्वाचे) सुमारे पाच टक्के द्रावण गंज हळूहळू विरघळविते. चिंचेने पितळेची भांडी घासण्यामागचे तत्त्वही सौम्य सेंद्रिय आम्लांचेच आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल झपाट्याने काम करते, पण सांध्यांत व भेगांत उरलेले त्याचे क्लोराइड पुढे वर्षानुवर्षे गंज वाढवितात. दुहेरी पत्र्याच्या भागांसाठी ते वापरू नये. त्याच खोलीत ठेवलेली हत्यारे त्याच्या वाफेने गंजतात, हा अनुभव अनेक गॅरेजांत येतो.

विद्युत् पद्धतीत गंजलेला भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला व साधी लोखंडी पट्टी धन टोकाला जोडतात. यात चांगला धातू झिजत नाही, हा तिचा मोठा गुण होय. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील क्रोमियम विषारी षट्संयुजी रूपात पाण्यात उतरू शकते. प्रक्रियेत हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम मोकळ्या हवेत करतात.

आम्ल व विद्युत् या दोन्ही पद्धतींना एक गंभीर मर्यादा आहे. सुटणाऱ्या हायड्रोजनचा काही अंश पोलादात शिरतो आणि अतिशय कठीण पोलादाला ठिसूळ करतो. स्प्रिंगा, टॉर्शन बार, १०.९ व १२.९ प्रतीचे बोल्ट हे भाग असे साफ केल्यावर काहीही खूण न दाखवता भाराखाली तुटू शकतात. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअसला काही तास भाजून हायड्रोजन बाहेर काढण्याची रीत आहे. पुनरुज्जीवनात मात्र स्प्रिंगा आम्लात न टाकता ब्लास्टिंगने साफ करणे अधिक सुरक्षित ठरते. दिसण्यासाठी केलेली सफाई येथे जिवाशी येऊ शकते.

मधला काळ

साफ केलेला पत्रा हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुबळ्या अवस्थेत असतो. पाण्याने धुतल्यावर काही मिनिटांतच त्यावर पिवळसर छटा येते; तिला गॅरेजमध्ये ‘फ्लॅश रस्ट’ म्हणतात. म्हणून अनुभवी कारागीर संपूर्ण गाडी एकदम उघडी करीत नाहीत. जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच मोकळा करतात. पुनरुज्जीवनाचे काम महिनोन्‌महिने, कधी पैशांअभावी तर कधी सुट्या भागांअभावी रखडते, हे लक्षात घेतले तर ही शिस्त कोणत्याही रसायनाहून महत्त्वाची आहे.

काम लांबणार असेल तर दोन मार्ग आहेत. नंतर रंग द्यायचा असलेल्या पत्र्याला दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर लगेच मारणे हा पहिला. त्याची फिल्म पाणी बऱ्याच प्रमाणात अडवते. नेहमीचा रेड ऑक्साइड या कामाला पुरत नाही. तो सच्छिद्र असतो आणि वरचा रंग न देता पावसाळाभर ठेवलेल्या रेड ऑक्साइडखाली पत्रा निमूटपणे गंजत राहतो. गंज व प्रायमर यांचा रंग जवळपास एकच असल्याने ते उशिरा कळते. आम्लयुक्त एच प्रायमर धातूला चांगला चिकटतो, परंतु त्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी भरली तर ती सुटू शकते.

दुसरा मार्ग तेलाचा वा मेणाचा. पाणी हटविणाऱ्या फवाऱ्यांतील डब्ल्यूडी-४० हा सर्वपरिचित आहे. तो १९५३ मध्ये अमेरिकेत अंतराळ-उद्योगासाठी तयार झाला आणि नावातील चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. पाणी बाहेर काढण्याचे त्याचे काम उत्तम, पण मागे राहणारी फिल्म पातळ असते; महिनोन्‌महिन्यांच्या साठवणीसाठी लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतील मेण) किंवा गंजरोधक मेण वापरतात. नुसते रॉकेल काही दिवसांत उडून जाते. गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासण्याची जुनी पद्धत आजही दिसते. त्या तेलात आम्ले, पाणी व काजळी असते, ते रबरी बुश फुगवते आणि पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरते. ती सोडून द्यावी अशीच आहे. तेल लावलेला कोणताही भाग रंगविण्यापूर्वी द्रावकाने दोनदा, दर वेळी स्वच्छ कापडाने पुसावा लागतो; एकच कापड फिरविल्यास तेल फक्त पसरते.

बंद डब्यात ठेवायच्या भागांसाठी बाष्परोधक कागद मिळतो. त्यातील द्रव्य हळूहळू वाफ होऊन धातूवर रेणूंचा पातळ थर धरते. वाहन-उद्योगात सुटे भाग पाठविताना हा कागद वापरला जातो. नुसती प्लॅस्टिकची पिशवी मात्र आतला ओलावा कोंडते. पावसाळ्यात ताडपत्रीने घट्ट झाकलेल्या गाडीचेही तेच होते.

गंज परिवर्तक

पूर्ण न निघणाऱ्या गंजावर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाची परिवर्तके लावतात. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून निळसर काळा लोह टॅनेट तयार करते. ही अभिक्रिया महाराष्ट्राला अपरिचित नाही: हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी बोरूची काळी शाई करीत, ती याच अभिक्रियेने. परिवर्तक पातळ गंजावरच काम करतो. पापुद्रे सुटलेल्या गंजावर तो फासला, तर वरचा थर काळा होतो व खालचे क्षरण चालूच राहते.

कायमचे संरक्षण

मूळ कारखान्यातून आलेल्या वाहनांत अनेक छोटे भाग रंगविलेले नसत. त्यांना फॉस्फेट, जस्त, कॅडमियम किंवा काळ्या ऑक्साइडचा लेप असे. फॉस्फेटीकरणाचे पहिले महत्त्वाचे पेटंट बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये घेतले. हा करडा, स्फटिकमय लेप स्वतः गंज थोडाच अडवतो, परंतु तेल व रंग घट्ट धरून ठेवतो. काळ्या ऑक्साइडचेही तसेच आहे: त्यावर तेल नसेल तर तो शोभेपुरता उरतो. जस्ताचे प्लेटिंग निराळ्या तत्त्वावर काम करते. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, त्यामुळे ओरखडा पडला तरी खालचे पोलाद काही काळ सुरक्षित राहते. जस्तावरील जुनी पिवळी झळाळी षट्संयुजी क्रोमियमची असे. ते कर्करोगकारक असल्याने आता त्रिसंयुजी क्रोमियमचा वापर वाढला आहे. मूळ पिवळ्या छटेसाठी हट्ट धरणाऱ्या संग्राहकांनी हे ध्यानात घेतलेले बरे. कॅडमियम तर त्याहून विषारी.

१९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनविणारे उद्योग वाढले आणि त्यांच्यासोबत फॉस्फेटीकरण, प्लेटिंग व पावडर कोटिंगची कामेही आली. एखाद्या जुन्या गाडीचे बोल्ट व ब्रॅकेट मूठभरच असतात, परंतु ते मोठ्या खेपेबरोबर करून मिळण्याची शक्यता अशा शहरात अधिक असते. देण्यापूर्वी प्रत्येक बोल्ट कोठला आहे याची नोंद व छायाचित्रे ठेवावीत. प्लेटिंगहून परत आलेले दोनशे बोल्ट सारखेच दिसतात.

जुन्या चॅसिसवर कधी नारिंगी प्रायमर आढळतो. तो रेड लेड, म्हणजे शिशाचा ऑक्साइड असू शकतो. पारंपरिक शेंदूर हाच. तो उत्तम गंजरोधक होता, पण कोरडा घासल्यास शिशाची धूळ श्वासात जाते. असा थर ओल्या पॉलिश पेपरने किंवा रंग काढण्याच्या रसायनाने काढतात.

मुद्दाम उघडे ठेवले जाणारे भाग

ब्रेक ड्रमचा आतला भाग बीडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो व त्यावर कोणताही लेप चालत नाही. गाडी उभी असताना धरलेला तांबूस थर पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो. साठवणीसाठी तेथे तेल लावलेच, तर गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढणे अनिवार्य आहे. लायनिंगमध्ये मुरलेले तेल निघत नाही व लायनिंग बदलावे लागते. सिलिंडरच्या भिंतींसाठी स्पार्क प्लगच्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवितात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तेल जळून जाते, म्हणून सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा सिलिकोन रंग देतात. बॉडीला अर्थिंगची तार जोडतात ती जागा मात्र उघडीच हवी. रंगाच्या उत्साहात ती झाकली गेली, की दिवे मिणमिणतात आणि दोष वायरिंगमध्ये शोधला जातो. जोडणी झाल्यावर तिच्यावर बाहेरून ग्रीस लावतात.

पेट्रोलची टाकी हा आतून उघडा असलेला सर्वांत मोठा भाग. भारतात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो व तेथूनच गंज सुरू होतो. वर्षातून चार-दोनदा रस्त्यावर येणाऱ्या जुन्या गाडीला हा धोका रोजच्या गाडीहून अधिक असतो. दीर्घकाळ उभी ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करून वाळवणे किंवा काठोकाठ भरणे, यांपैकी एक करतात. अर्धी टाकी सर्वांत वाईट, कारण वरच्या मोकळ्या हवेतला ओलावा रोज रात्री पत्र्यावर साचतो. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरते, म्हणून ती वेल्डिंगला देणे प्राणघातक ठरू शकते.

महाराष्ट्रातील वाहने

बजाजच्या चेतक स्कूटरचा (१९७२) सांगाडा पोलादी पत्र्याचा मोनोकॉक आहे. त्याला वेगळी चॅसिस नाही. पाय ठेवण्याच्या जागेच्या खालचा पत्रा गंजणे म्हणजे स्कूटरचा कणा गंजणे होय. कुर्ल्यात बनलेल्या फियाट ११०० व पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारींचेही तसेच. मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. खाजगी मालकीच्या ज्या गाड्या उरल्या आहेत त्यांत दरवाजांखालचे पोकळ सांधे, रबरी मॅटखालची जमीन आणि बॅटरीखालचा पत्रा प्रथम तपासतात. बॅटरीच्या आम्लाचे डाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ केल्याशिवाय तेथे रंग टिकत नाही. पोकळ सांध्यांत ब्रश पोहोचत नाही. तेथे रंगकाम संपल्यावर लांब नळीने पातळ मेण फवारतात आणि तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवतात.

मूळपणाचा प्रश्न

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत दहा वर्षे आहे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, ही अट गंजरोधनाशी थेट जोडलेली आहे. पोखरलेला पत्रा कापून नवा बसविता येतो, पण असे जितके तुकडे वाढतात तितका मूळ सांगाडा कमी होत जातो.

संग्रहालयांतील संवर्धक यापुढे एक पाऊल जातात. जो उपाय पुढे कधीही काढता येईल तोच ते पसंत करतात. म्हणून चकचकीत लॅकरऐवजी सूक्ष्मस्फटिकी मेण लावतात. असे एक मेण १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत विकसित झाले. लॅकरला चीर गेली की आत शिरलेला गंज कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरतो व सारा थर काढावा लागतो. मेण द्रावकाने पुसून पुन्हा लावता येते. उघड्या धातूची मूळ खरखर, कानशीचे ओरखडे व ओतकामावरील क्रमांक मेणाखाली शाबूत राहतात. मराठवाड्यात हा मेणाचा हात पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत देणे सोयीचे असते, कारण तेव्हा धातूवर ओलावा नसतो आणि ऊन लागलेल्या भागावर मेण सहज पसरते.